जावकाचा खोकला

"कोण हाय? कोण खोकतंय रं? अरं बोला की! यार्री? कौन है?"

साहेबाच्या खोलीतून बाहेर येऊन कचेरीचा पट्टेवाला ओरडत होता. एका दमात तीन भाषांत ओरडणारा असा गळा सबंध बेळगावात दुसरा नव्हता. किल्ल्यात उभा राहून त्यानं हाक मारली, तर अनगोळच्या बाया "आलो, आलो" म्हणून चूल सोडून बाहेर येत, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मीच म्हणत होतो, पण ते असो. त्या दिवशी तो माझ्यापासून चार हातांवर उभा राहून ओरडत होता, आणि मला उत्तर देता येत नव्हतं, कारण खोकत होतो तो मीच.

बरं, खोकला तरी कसला! घशात खवखवलं, दोनदा खाकरलं, झालं, असा हा खोकला नव्हे. आमचं घराणं निपाणीचं. आजा तंबाखूच्या वखारीत, बाप तंबाखूच्या वखारीत. तिथली धूळ आमच्या तीन पिढ्यांच्या छातीत साठलेली. आजा खोकला की वखारीतले हमाल डोक्यावरची तंबाखूची बोदं खाली ठेवून हात जोडत. बाप खोकला की बाजारातली तट्टं दावी तोडत. माझ्यापर्यंत येईतो तो खोकला चांगला मुरला होता. मी एकदा सुरू झालो की दौतींतली शाई हिंदकळायची, पंख्याचा दोर ओढणारा जागा व्हायचा आणि आढ्यावरची पारवं उडून थेट कॅम्पात गोऱ्यांच्या देवळावर जाऊन बसायची. बापानं मला मागं काही ठेवलं नाही, एवढं एक ठेवलं, आणि ते मी जपून होतो.

साहेबाची खोली आणि आमचा दिवाणखाना यांच्या मध्ये लाकडी पडदी होती. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर उंच, आणि त्याच्यावर मोकळं. साहेब व्हरांड्याकडच्या दारानं यायचा, त्याच दारानं जायचा. त्यानं आम्हाला पाहिलेलं नव्हतं. आम्ही त्याला पाहिलेलं होतं ते पाठमोरं, घोड्यावर बसताना. पण आवाज मात्र पडदीवरून इकडचा तिकडं सरळ जायचा. म्हणजे साहेबाच्या लेखी आम्ही सगळे मिळून एक आवाज होतो. टाकांची कुरकुर, कागदांची सळसळ, वहाणांची फरफर.

आणि त्या आवाजात काही जास्तीचं मिसळलं तर काय होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. आदल्या साली तपकीर ओढून धडाधड शिंकणाऱ्या एका कारकुनाची बदली जांबोटीकडं झाली होती. तिथं पाऊस असा, की माणसाच्या मिशीला शेवाळ धरतं. तो गडी सहा महिन्यांनी भेटायला आला, तेव्हा त्याच्या टोपीतून बेडूक निघाला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण निघाला नसेल असं त्याच्या तोंडाकडं बघून वाटत नव्हतं.

तेव्हा पट्टेवाला "कोण हाय?" म्हणून ओरडला तशी साऱ्या कचेरीनं माना खाली घातल्या. मी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शब्द फुटेल तर शपथ.

आणि माझ्या शेजारचा उठला.

हा शेजारचा म्हणजे आवक. मी जावक. आम्हाला नावं होती, पण ती आईबापांच्या कामापुरती. कचेरीत येणारे कागद घेतो तो आवक आणि जाणारे कागद पाठवतो तो जावक. पलीकडं शेतकर्जांचा तगाई, त्याच्या पलीकडं दफ्तर, कोपऱ्यात नकला. "तगाईला बोलाव." "नकला मेला का, अजून आला न्हाय?" अशी आमची बोलाचाली. माझी तर सवय अशी झाली, की देवळात पुजाऱ्यानं संकल्पाला नाव विचारलं तर मी "जावक" म्हणालो होतो, आणि त्यानंही ते गोत्रासकट म्हटलं.

आवक आणि जावक दोघंही पडदीला पाठ लावून, मांडीला मांडी लावून बसत होतो. पण दैवात अंतर केवढं! सगळी दुनिया त्याच्या टेबलावर येत होती आणि माझ्या टेबलावरून जात होती. पाकिटं फोडायचा तो. आतला मजकूर वाचून "अरारा, अथणीला दोन भावांत काय जुंपलीया बघ" म्हणायचा तो. मी दुसऱ्याच्या पत्राला लाख लावायची, शिक्का मारायचा आणि टपालाच्या पिशवीत टाकायचं. त्या पत्राचं पुढं काय झालं, कोण हसलं, कोण रडलं, ह्याचा पत्ता मला कधीच लागत नव्हता. उत्तर आलं तरी ते त्याच्याकडं यायचं. मी त्याच्यावर जळत होतो हे सांगायला नकोच. पण त्या दिवसापर्यंतची ती जळजळ म्हणजे रोजच्या चुलीची होती. जेवण शिजण्यापुरती.

तो उठला, उपरणं नीट केलं, टोपी सारखी केली, आणि पट्टेवाल्याच्या मागून आत गेला.

"गेला रं गेला," तगाई पुटपुटला. "जांबोटी."

"जावकासाठनं गेला," दफ्तर म्हणाला. "माणूस म्हणायचा! भाऊसुद्धा न्हाय उठायचा भावासाठी."

माझा खोकला तेवढ्यात थांबला. तो नेहमी असाच काम झाल्यावर थांबतो. मी उपरण्यानं डोळे पुसले, आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला आवकाचे पाय धरावेसे वाटले. आत काय चाललंय ते ऐकू येईना. साहेब हळू बोलत होता. शिव्या हळू देणारा साहेब फार वाईट, असं नकला म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं.

मग आवक बाहेर आला. हातात एक चपटी बाटली. चेहरा असा, जसं सोनारानं नुकतं उजळून दिलंय.

"काय म्हणाला?"

"बसा म्हणाला."

"कुठं?"

"खुर्चीवर." आवकानं बाटली टेबलावर ठेवली. "'आपला घसा दुखतो काय?' म्हणाला. पुस्तकातली मराठी, पर स्वच्छ. 'आपण' म्हणतो रं तो! म्हणाला, ह्या गावची हवा गार, आपण जपले पाहिजे. त्याच्या आईला म्हणं असाच खोकला होता. मग हे औषध दिलं."

त्या कचेरीत आमचे केस पांढरे झाले होते. ज्याचं उत्तर कागदावर लिहावं लागत नाही, असा एकही प्रश्न तिथं कुणी कुणाला विचारला नव्हता. आणि आज विचारला. खुर्चीवर बसवून विचारला. खोकल्याबद्दल विचारला.

माझ्या खोकल्याबद्दल!

मी त्या बाटलीकडं बघत बसलो. पाय धरायचे राहिले बाजूला. रोजच्या चुलीचा आता वणवा झाला. आजा खोकला, बाप खोकला, मी खोकलो. आणि आईची आठवण येऊन साहेबानं जवळ बसवलं कुणाला? ज्याच्या सात पिढ्यांत कुणी साधं खाकरलं नाही त्याला!

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. आवकाचं टेबल पडदीपासून काढून दक्षिणेच्या खिडकीपाशी, उन्हात नेऊन ठेवा. मी म्हणालो, बरं झालं, आता खोकला पडदीपाशी आणि आवक खिडकीपाशी, साहेबाला कळेलच. पण टेबलं दोन असली तरी कपाट एकच होतं, आवकाचे आणि जावकाचे खण त्यातच. त्यामुळं हेडकारकुनानं डोकं लावलं आणि मलाही खिडकीपाशी नेलं, मात्र सावलीत. ऊन त्याच्या पाठीवर, आणि त्याची सावली माझ्या अंगावर.

मग आणखी हुकूम आला. धुकं उतरायच्या आत आवकाला घरी सोडावं. बेळगावचं धुकं तुम्हाला ठाऊक असेल. थंडीत दुपार कलली की ते असं दाट येतं, की खडेबाजारात माणसं एकमेकांना धडकून सोयरिकी जमतात. आवक उन्हं असताना छत्री हलवत घरी निघायचा, आणि मी शिक्के मारून त्या धुक्यातनं खोकत खोकत बिऱ्हाडी जायचो.

पुढं साहेब जांबोटीकडं फिरतीवर गेला आणि येताना जंगलातला मध घेऊन आला. गाडगंभर मध. पट्टेवाल्यानं ते दोन हातांनी, देवाची पालखी धरावी तसं आणलं आणि आवकापुढं ठेवलं. "सायेबानं सोता झाकण लावलंय," असं वर सांगितलं. जांबोटीकडनं माणसं कुजून परत येत होती. आणि ह्याला तिथनं मध येत होता.

आवक माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण. वाईट असता तर मला जळायला जरा सोपं गेलं असतं. जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर त्यानं गाडगं माझ्यापुढं सरकवलं.

"घे रं. तुझंच हाय म्हणायचं."

"म्हणायचं? म्हणायचं म्हंजे?"

"बरं, तुझंच हाय. घे."

"मला भीक नको कुणाची."

"भीक कशाची? खोकला तुझा न्हवं?"

"व्हय? मग आत जाऊन सांग की साहेबाला."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. ऊन त्याच्या पाठीवर छान पसरलं होतं. "आता कसं सांगायचं रं," तो म्हणाला. "बरं दिसंल का?"

त्यानं गाडगं आमच्या कपाटात ठेवून दिलं. मी त्याला हात लावला नाही. म्हणजे तो असताना लावला नाही. दिलेलं घेणं वेगळं आणि आपलं आपण घेणं वेगळं. तो घरी गेला की मी बोटभर चाटत होतो. कडू असेल अशी माझी आशा होती. पण असा मध मी जन्मात खाल्ला नाही. त्यात जंगलातल्या जांभळांचा वास होता आणि साहेबाच्या आईची माया होती. चाटताना रडू यायचं, रागानं.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"अहो, मग तुम्ही जाऊन सांगा की, खोकला माझा म्हणून."

"असं कसं जाऊन सांगणार? आत बोलावल्याशिवाय जाता येतं होय?"

"मग गप बसा."

"गप कसा बसू? माझा खोकला त्याच्या नावावर चढला!"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लग्न झाल्यापासनं त्या खोकल्यानं माझ्या डोळ्याला डोळा न्हाय. शेजारच्या आक्कांनी बिऱ्हाड बदललं. मला कुणी मध दिलता?"

ह्या बायकांना कचेरीतली दुःखं कळत नाहीत.

मी विचार केला. खोकला माझा आहे. तेव्हा तो बंद करायचं मुखत्यारपणही माझंच. खोकलाच नसेल तर आवकाला ऊन कशाला, मध कशाला? साहेब म्हणेल, हा तर धडधाकट, नेऊन ठेवा पुन्हा पडदीपाशी. मग मी ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंगा, हिरडा असा सारं वाणसामान तोंडात धरून कचेरीत बसू लागलो. खोकला आत उसळ्या मारायचा, मी वरून दाबायचो. एकदा तर तो इतका कोंडला, की कानातनं तंबाखूचा धूर निघाल्यासारखं मला वाटलं, आणि नकला म्हणाला, "जावकअण्णा, तुमचं टकुरं जांभळं झालंय." पण हूं नाही की चूं नाही. दिवाणखाना शांत. पारवं आढ्यावर परत आली आणि त्यांनी अंडी घातली.

चौथ्या का पाचव्या दिवशी जे झालं ते त्या कचेरीच्या इतिहासात झालं नव्हतं. पडदीचं दार उघडलं आणि साहेब आमच्या बाजूला आला. आम्ही सगळे उभे. एवढा उंच माणूस, पण बिचारा गोंधळलेला दिसत होता. इतक्या टोप्या त्यानं एका जागी पाहिल्याच नव्हत्या. पट्टेवाल्यानं बोट दाखवलं. साहेब सरळ आवकापाशी गेला, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आपण बरे झालात. मला फार आनंद वाटला."

मी अर्ध्या हातावर उभा होतो. तोंडात लवंग. कोंडलेल्या खोकल्यानं बरगड्या मोडायला आलेल्या. मी न खोकण्याचे जे कष्ट केले, त्याचं अभिनंदनही त्यालाच!

खोकलो तर त्याला मध, आणि न खोकलो तर त्याला हस्तांदोलन. असा पेच मी सात जन्मांत ऐकला नव्हता.

साहेब आत गेल्यावर आवक बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडं बघत बसला. त्या दिवशी त्यानं पाकिटं डाव्या हातानं फोडली. संध्याकाळ व्हायला आली, पण त्याला कुणी घरी सोडेना. बरा झालेल्या माणसाला धुक्याचं काय भय? दोन दिवस असे गेले. मग तो माझ्याकडं वाकला.

"जावकअण्णा."

"काय?"

"आज गप का?"

"माझी मर्जी."

"जरा खोक की रं. थोडंसं. साहेब आत्ताच आलाय बघ."

"माझा खोकला काय भाड्याचा टांगा हाय व्हय? हाक मारली की जुंपायचा?"

"तसं न्हवं रं. त्यो दोन दिस काय इच्यारंना झालाय."

"मला त्यो जल्मल्यापासनं इच्यारंना झालाय!"

आवकानं शाईत टाक बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. आणि मग, देवाशपथ, त्यानं तोंडापुढं मूठ धरली आणि स्वतःच खोकला.

काय तो खोकला! कोंबडीच्या पिल्लाला शिंक आल्यासारखा. अंगात दम नाही, बुडाला खरखर नाही, वर ठसका नाही. मला माझ्या बापाची लाज वाटली. पण आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पट्टेवाला बाहेर आला. "आवक, सायेब इच्यारत्यात, परत चालू झालं काय? घरला जावा म्हणत्यात."

त्या दिवसापासून त्याला चटक लागली. तो रोज थोडा थोडा खोकायला शिकला. मी घराण्याचा खोकणारा, शेजारी बसून ही नक्कल ऐकू कशी? मग मीही तोंडातल्या लवंगा थुंकून टाकल्या आणि अस्सल माल काय असतो ते दाखवायला लागलो. तो एकदा खोकला की मी तीनदा. तो चढा सूर लावायचा, मी खर्ज. तगाईनं तर अर्ज लिहायला घेतला, की ह्या दोघांना तरी न्या नाहीतर मला तरी जांबोटीला पाठवा. पण पडदीपलीकडं ती सगळी जुगलबंदी एकाच्याच नावावर जमा होत होती. "आवकाची प्रकृती फारच बिघडली," असं साहेब पट्टेवाल्याला म्हणाला, आणि मधाचं दुसरं गाडगं आलं.

मग मला एक नामी संधी आली. आवकाच्या बहिणीच्या घरी, खानापूरच्या बाजूला, काहीतरी कार्य निघालं. रजा मागितली तर मिळायची नाही, म्हणून तो न सांगताच गेला. त्याच्या टेबलावर टोपी तेवढी ठेवून गेला, म्हणजे हेडकारकुनाला वाटावं, इथंच कुठं असेल. मी म्हणालो, आता सापडलास. आवक गावाला आणि खोकला कचेरीत. आता साहेबाला उमजेलच, की हा खोकला कुणा दुसऱ्याचा आहे.

त्या दिवशी मी असा खोकलो, की तसा मी पुढं कधी खोकलो नाही आणि मागंही नाही. बापाची आठवण केली, आज्याची केली, वखारीतल्या साऱ्या धुळीला हाक घातली. पडदी थरथरली. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. बाहेर साहेबाचा घोडा खिंकाळला, आणि खडेबाजारात, मला नंतर कळलं, एका बोहाऱ्याच्या दुकानातली काचेची बरणी तडकली.

दार उघडलं. पट्टेवाला आला.

मी उभा राहिलो. छाती पुढं.

तो माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. "सायेब म्हणत्यात," तो सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "येवढं दुखणं घिऊन आवक कामावर आलाच कशाला? त्याला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा. चार दिवस येऊ नको म्हणावं." मग त्यानं आवकाच्या जागेकडं बघितलं. तिथं एक टोपी होती. तिच्याखाली कोणी नव्हतं. पट्टेवाला घटकाभर त्या टोपीकडं बघत राहिला. मग वळून आत गेला, आणि पडदीवरून त्याचा आवाज आला, "गेला, सायेब."

अशा रीतीनं मी खोकून खोकून आवकाला रजा मिळवून दिली. तो बहिणीकडं पुरणपोळ्या खात होता.

पट्टेवाल्याला मी जिन्यात गाठलं. "अरं, तुला दिसत न्हवतं काय? मी खोकत होतो, मी!"

"दिसत हुतं की," तो म्हणाला.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सायेबाला आवक ठावं हाय. जावक कुठं ठावं हाय? नवीन माणूस सांगायचा म्हंजे लई लांबण लागती."

पुढं उन्हाळा तोंडावर आला आणि बातमी फुटली, की साहेबाची बदली झाली. पानसुपारी ठरली. कॅम्पातनं फोटोवाला आला. मिठाईला कुंदा आला, हार आले. कचेरीच्या आवारात आम्हाला ओळीनं उभं केलं. साहेब सगळ्यांशी हात मिळवत येणार होता.

मी ठरवलं, की आज सांगायचं. माणूस कायमचा चाललाय. त्यानं जाताना बरोबर आठवण न्यावी. मी इंग्रजीत एक वाक्य बसवलं, त्यात खोकला माझा, तीन पिढ्यांचा आणि निपाणीचा, एवढं सगळं बसत होतं. आठ दिवस मी ते बायकोपुढं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "पुरावा मागितला तर?" मी म्हणालो, "पुरावा छातीत हाय. वाक्य संपलं की एक सोडतोच."

साहेब ओळीतून येत होता. तगाई, दफ्तर, नकला. प्रत्येकापुढं थांबून पट्टेवाला सांगायचा, हा तगाई, हा दफ्तर. साहेब मान हलवायचा. मग माझ्यापुढं आला. जवळून बघितलं तर माणूस थकलेला होता, डोळे निळे आणि पापण्या लाल. "जावक," पट्टेवाला म्हणाला. साहेबानं हात पुढं केला.

मी वाक्य म्हटलं. सगळं म्हटलं. साहेबाच्या कपाळाला आठी पडली. त्यानं डोकं जरा तिरकं केलं, ऐकायला. तो ऐकत होता! माझं! मी श्वास ओढला आणि खोकायला तोंड उघडलं.

आणि खोकला आला नाही.

पुन्हा ओढला. छाती पोलिसलाइनीच्या परेड मैदानासारखी स्वच्छ. खरखर नाही, खवखव नाही, निपाणीचा एक कण नाही. दोन गाडगी जांबोटीचा मध! रोज बोटभर, कधी दोन बोटं. आज्या-बापाची सारी इस्टेट त्यानं धुऊन नेली होती. मी मासळीसारखं तोंड उघडून उभा. साहेब वाट बघत होता. फोटोवाला काळ्या फडक्यातनं डोकं काढून बघत होता.

तेवढ्यात माझ्या शेजारी आवक खोकला.

पहिल्यांदा बारीक, मग खालून वर चढत गेलेला, बुडाला खरखर, मध्ये घरघर, शेवटी तो ठसका, असा खणखणीत, निपाणीच्या वखारीतला, हुबेहूब माझ्या बापाचा खोकला. इतक्या महिन्यांत त्यानं तो तुकड्या तुकड्यानं उचलला होता. आता तो थांबवावा म्हटलं तरी त्याला थांबेना. आवारातल्या झाडावरची पारवं उडाली.

साहेबाचा चेहरा उजळला. "अरे, आपण!" तो म्हणाला. माझा हात त्याच्या हातातून कधी सुटला मला कळलं नाही. त्यानं आवकाच्या खांद्यावर थोपटलं, पाठीवर थोपटलं, "आपली काळजी घ्या" म्हणाला, आणि स्वतःच्या गळ्यातला एक हार काढून त्याच्या गळ्यात घातला. फोटो तेव्हाच निघाला. त्या फोटोत साहेब आहे, आवक आहे, आणि कडेला एक उघडं तोंड आहे. ते मी.

संध्याकाळी आम्ही दोघं खडेबाजारातून घरी चाललो होतो. तो हार घालूनच चालला होता. लोक वळून वळून बघत होते. मी कासाराच्या दुकानापाशी थांबलो आणि मला राहवलं नाही. मी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडलो.

"मेल्या, त्या दिशी तू उठलासच कशाला? खोकला माझा! शिव्या खायच्या त्या मी खाल्ल्या असत्या, जांबोटीला जायचं तर मी गेलो असतो! साऱ्या कचेरीला वाटतंय, तू माझ्यासाठी उठलास. मलाबी तसंच वाटलं. पाय धरणार होतो मी तुझं! खरं सांग. माझ्यासाठी उठलास?"

त्यानं हारातलं एक फूल काढलं, हुंगलं आणि पुन्हा दोऱ्यात खोवून ठेवलं.

"न्हाय," तो म्हणाला. "कोण हाय म्हणून इच्यारलं ना. म्हणून उठलो."